रूपांतराची पानं वाचक का उलटतात

तुमचा प्रश्न बराच लांब होता, म्हणून तो मला कसा समजला ते आधी सांगते. मॅजिकल गर्ल प्रकारातल्या, म्हणजे जादूची ताकद असलेल्या आणि बहुधा जादूने रूप बदलणाऱ्या मुलींच्या, जपानी ॲनिमे मालिका बघत तुम्ही मोठ्या झालात आणि त्याच ओढीने कुमारवयीन वाचकांसाठी एक फँटसी कादंबरी लिहिलीत. एक काल्पनिक बंदर, तिथल्या माणसांचे आवाज गिळणारे 'काजळे', त्यांच्याशी लढणाऱ्या पाच मुली आणि त्यांना वाट दाखवणारं एक बोलकं पांढरं मुंगूस. मसुदा वाचलेल्यांनी तीन तक्रारी केल्या. रूपांतराची पानं आम्ही उलटून पुढे गेलो. पाचही मुली एकसारख्या वाटतात. आणि सगळंच फार गोड आहे, आता असं चालत नाही, जरा काळोख आण. यातलं काय मनावर घ्यायचं, असं तुम्ही विचारलंत.

पहिल्या दोन तक्रारी पूर्ण घ्या. तिसरी अर्धीच घ्या, आणि कोणती अर्धी ते पुढे सांगते.

या वयोगटाच्या फँटसीचं संपादन करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ॲनिमे बघून लिहायला बसलेल्यांचे मसुदे त्यात भरपूर आले, आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच होतं. पडद्याने स्वतःच्या अडचणीतून ज्या युक्त्या शोधल्या, त्या कादंबरीत जशाच्या तशा येतात. त्या युक्त्यांच्या पोटात जे दडलेलं असतं, ते मात्र पडद्यावरच राहून जातं.

रूपांतराचंच बघा. टीव्हीच्या मालिकेला दर आठवड्याला वीसेक मिनिटांचं नवं चित्रण लागतं. पैसे कमी, वेळ त्याहून कमी. मग एक तुकडा एकदाच जीव ओतून, हातात सफाई असलेल्या कलाकाराकडून काढून घ्यायचा आणि प्रत्येक भागात तोच परत लावायचा. जपानी स्टुडिओंत अशा राखून ठेवलेल्या चित्रणाला 'बँक' म्हणतात. रूपांतराचा प्रसंग म्हणजे बँकेतला सगळ्यात देखणा तुकडा. शिवाय प्रायोजक म्हणून खेळण्यांच्या कंपन्या पाठीशी असतात. नायिकेच्या हातातली कांडी किंवा छोटा आरसा पडद्यावर चमकला की दुकानात विकला जातो. १९६९ सालच्या 'अक्को-चान' मालिकेतला आरसा हे त्याचं जुनं आणि ठळक उदाहरण. आणि लहान मुलांना पुनरावृत्ती आवडते हेही आहेच. तेच संगीत सुरू झालं की ती उठून उभी राहतात, तशीच गिरकी घेतात, तेच शब्द म्हणतात.

आता यातलं कादंबरीला काय लागू होतं? काहीच नाही. तुम्हाला चित्रं वाचवायची नाहीत, कांडी विकायची नाही, आणि सोळा वर्षांचा वाचक पुस्तक हातात धरून गिरकी घेणार नाही. तरीही तुमच्या मसुद्यात नायिकेचं, रेवाचं, रूपांतर अकरा वेळा येतं, आणि दर वेळी पान-दीड पान प्रकाश, वलयं, रिबिनी, उडणारे केस. वाचक पान उलटतो तो उतावळा आहे म्हणून नाही. या पानावर काही घडत नाही हे त्याला दुसऱ्याच खेपेला कळलेलं असतं.

रूपांतराच्या पोटात काय आहे ते बघायला थोडं मागे जाऊ. या प्रकारातली पहिली ॲनिमे मालिका साधारणपणे 'सॅली' मानली जाते. १९६६ साली तोएई स्टुडिओने ती केली. त्यात नायिका जादूच्या राज्यातली राजकन्या आहे, माणसांत येऊन राहते आणि आपली जादू लपवते. तिला रूपांतराची तेवढी गरजच नव्हती, ती मुळातच वेगळी होती. पण १९८२ साली सुरू झालेली 'मिंकी मोमो' आणि पुढच्याच वर्षीची 'क्रीमी मामी' यांत शाळकरी मुलगी जादूने मोठी होते. एक दर वेळी वेगळ्या व्यवसायातली तरुणी बनते, दुसरी प्रसिद्ध गायिका. म्हणजे रूपांतराचा अर्थ होता मोठं होऊन बघणं. अर्ध्या तासासाठी, आणि परतीची वाट मोकळी ठेवून. दहा वर्षांच्या मुलीची ही फार खरी इच्छा आहे. नंतर मालिका बदलल्या, लढाया आल्या, चमू आले, तरी तो धागा सुटला नाही. 'सेलर मून' मालिकेची नायिका उसागी चौदा वर्षांची आहे, 'कार्डकॅप्टर साकुरा'ची साकुरा सुरुवातीला दहा वर्षांची.

तुमची रेवा सोळा वर्षांची आहे. माझ्या मते तुमच्या कादंबरीची सगळी गोम इथे आहे. सोळाव्या वर्षी मोठं होणं हे स्वप्न उरलेलं नसतं, ते अंगावर आलेलं असतं. शरीर न विचारता बदललेलं असतं. घरचे एका वाक्यात 'आता तू लहान नाहीस' म्हणतात आणि पुढच्या वाक्यात 'अजून लहान आहेस'. अशा मुलीला जादूने आणखी मोठं आणि ताकदवान करायचं, तर तो तिच्यासाठी निव्वळ आनंद असूच शकत नाही. त्यात हाव असेल, भीती असेल, थोडी लाज असेल. वयोगट बदलला की रूपांतराचा अर्थ बदलतो, आणि तुम्ही दहा वर्षांच्या मुलीचं रूपांतर सोळा वर्षांच्या मुलीला घातलंत. ते तिला होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की रूपांतराला किंमत लावा, आणि ती किंमत याच गोष्टीशी जोडलेली असू द्या. एक शक्यता मांडते, हीच घ्या असा आग्रह नाही. समजा, प्रत्येक रूपांतरानंतर रेवा परत येते ती काही दिवसांनी मोठी होऊन. एका वेळेचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण सहाव्या-सातव्या खेपेनंतर बूट होत नाहीत, आवाज किंचित उतरतो, जिवलग मैत्रिणीपेक्षा ती अर्धं वर्ष पुढे निघून गेलेली असते. परतीची वाट आता मोकळी नाही. मग रूपांतर घडवणारी घंटी हातात घेतल्यावर तिच्या मनात काय चालतं हे लिहायला तुम्हाला प्रकाशाची वलयं लागणारच नाहीत.

तुमच्या सातव्या प्रकरणातली वाक्यं अशी आहेत: 'घंटीचा मधुर नाद घुमला आणि रेवाभोवती गुलाबी प्रकाशाची वलयं फिरू लागली. तिचे केस वाऱ्यावर लहरले. तेजस्वी रिबिनींनी तिच्या हातांना वेढलं.' वाक्यांत चूक काही नाही, पण यातलं काहीही रेवाला होत नाही, ते रेवाभोवती होतं. आपण कॅमेऱ्याच्या जागी उभे आहोत. वरची किंमत धरून, पाचांतल्या तनूला संकटात टाकून, तेच प्रकरण मी असं लिहून पाहिलं:

'घंटी वाजली नाही. रेवाने ती मुठीत आवळून धरली होती. जिन्याखालून तनूचं ओरडणं अजून ऐकू येत होतं, म्हणजे वेळ होता. मागच्या खेपेनंतर बुटांत पाय गेले नव्हते. आई म्हणाली होती, "आत्ताच तर घेतले ना गं?" आणि मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली होती. तनूचा आवाज तुटला. रेवाने मूठ उघडली.'

रूपांतर झालंच की नाही? झालं. दिसलं मात्र नाही, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. पुढचं वाक्य थेट लढाईत उघडू शकतं.

याचा अर्थ प्रकाश, रंग, पोशाख सगळं कापून टाका असा घेऊ नका. झगमगाट हा या प्रकाराचा हक्क आहे, आणि तो पूर्ण नाकारणारी कादंबरी मला स्वतःवरच नाराज असल्यासारखी वाटते. पहिलं रूपांतर सविस्तर लिहा, अगदी दोन पानं लिहा. फक्त डोळ्यांवर कमी आणि बाकीच्या इंद्रियांवर जास्त विसंबा. दातांत काय झालं, कानात काय झालं, वजन वाढलं की हरवलं, आणि त्या क्षणी तिला काय आवडलं जे आवडायला नको होतं. दुसरं रूपांतर मध्येच तुटू द्या. एखादं दुसऱ्या मुलीच्या नजरेतून दाखवा, म्हणजे बाहेरून ते किती भीतीदायक दिसतं हे कळेल. एखाद्या वेळी घंटी वाजूनही काहीच होऊ नये. असं दर खेपेला काहीतरी वेगळं घडलं की अकरांतली पाच-सहा रूपांतरं आपोआप गळतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. १९७३ सालच्या 'क्यूटी हनी'त, म्हणजे मुलग्यांना समोर ठेवून केलेल्या मालिकेत, रूपांतर होताना नायिकेचे कपडे नाहीसे होतात. तो प्रकार पुढे मुलींच्या मालिकांतही सौम्य होऊन, चमकत्या आकृतीच्या रूपात राहिला. तुमच्या तिसऱ्या आणि नवव्या प्रकरणांत त्याचे अवशेष आहेत. ते काढा. सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगाकडे निवेदकाने असं बघण्याचं काही कारण नाही. निवेदन तिच्या अंगाच्या आतून होऊ लागलं की ही अडचण उरत नाही.

कपड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्या मुलींच्या पोशाखात खलाशी कॉलर आणि छातीवर फीत आहे. जपानी मालिकांत त्या कॉलरला अर्थ होता, कारण तो तिथल्या शाळकरी मुलींचा रोजचा गणवेश होता. रोज अंगावर असलेला गणवेशच चिलखत झाला, त्यात गंमत होती. तुमच्या बंदरातल्या मुली काम करताना काय घालतात? जाळी विणणाऱ्या, दिव्यात तेल भरणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या मुली आहेत ना तुमच्याकडे? चिलखत त्यातून काढा. किंवा कार्डकॅप्टर साकुरात आहे तसा वेगळाच मार्ग घ्या. तिथे नायिकेचे कपडे जादूने बदलतच नाहीत. तिची मैत्रीण तोमोयो दर मोहिमेसाठी नवा पोशाख हाताने शिवते आणि वर सगळ्याचं चित्रीकरणही करते. पोशाखाच्या त्या एका युक्तीतून त्या मैत्रिणीच्या प्रेमाबद्दल जेवढं कळतं, तेवढं संवादांतून सांगायला प्रकरण लागलं असतं.

आता पाच मुलींकडे. मॅजिकल गर्लचा रंगीत चमू ही १९९२ साली आलेल्या सेलर मूनने रूढ केलेली गोष्ट. तिने ही कल्पना घेतली ती जपानी टीव्हीवरच्या सुपर सेंताई मालिकांतून, ज्यांची सुरुवात १९७५ साली पाच रंगांच्या पाच वीरांनी झाली. पडद्यावर रंग कामाचा असतो. दूरच्या दृश्यातही कोण कुठे उडी मारतंय ते कळतं. कागदावर 'निळी' आणि 'हिरवी' हे फक्त शब्द आहेत, आणि त्यांच्या जोडीला तुम्ही 'हुशार' आणि 'शांत' असं एकेक विशेषण लावलंत. विशेषण म्हणजे स्वभाव नव्हे. वाचक जुईला आणि अनघाला ओळखू शकत नाही, कारण दोघींना एकच गोष्ट हवी आहे: शहर वाचवायचं आहे.

प्रत्येकीला जादूकडून वेगळं काहीतरी हवं असू द्या, आणि त्यातल्या निदान दोन इच्छा एकमेकींना छेद देणाऱ्या असू द्या. वर मांडलेली किंमत वापरली तर हे काम बरंच सोपं होतं. तनूला घरातून लवकर सुटायचं आहे, म्हणून ती मुद्दाम जास्त वेळा रूपांतर करते. मोठं होणं हीच तिची लूट आहे. जुईला धाकट्या बहिणीबरोबर जमेल तितकं लहान राहायचं आहे, म्हणून ती टाळते, आणि तिच्या वाटचं काम रेवावर पडतं. बघा, अजून एकही काजळा आलेला नाही आणि भांडण तयार आहे. पुस्तक अर्ध्यावर येईपर्यंत या पाच जणी एका वयाच्या राहिलेल्या नसतील. मग त्यांना वेगळं ओळखायला रंग कशाला लागतोय?

आणि खरंच पाच हव्यात का, हाही विचार करा. २००४ साली प्रिटी क्युअरची पहिली मालिका आली तेव्हा तिच्यात दोघीच होत्या. एकीला मैदानात खेळायचं वेड, दुसरीला विज्ञानाचं. मुळात मैत्री नाही, आणि नियम असा की दोघी एकत्र असल्याशिवाय रूपांतर होत नाही. आठव्या भागात त्यांचं कडाक्याचं भांडण होतं. जादूचा एक साधा नियम आणि न पटणाऱ्या दोन मुली, एवढ्यावर ती मालिका उभी राहिली. कादंबरीत पाच नायिकांना न्याय द्यायला जागा लागते. मी तुमच्या जागी असते तर तिघींवर आले असते. मैत्रेयीला आधी काढून पाहा. मला वाटतं तिच्या वाटचे सगळे संवाद अनघाला देता येतील, आणि ते अनघाला शोभतीलही.

मैत्रीच्या ताकदीने शेवट होतो याबद्दल तुम्ही उगाच संकोच दाखवला आहे. तो या प्रकाराचा कणाच आहे. पण पडद्यावर त्या क्षणी वाद्यवृंद असतो, आवाज देणाऱ्या कलाकाराचा घसा असतो, मागच्या पन्नासेक भागांची सोबत असते. कागदावर 'आपण एकत्र आहोत' हे वाक्य एकटं पडतं. शेवटी मैत्री जिंकायची असेल तर आधी तिची उधारी दाखवा. कोणी कोणासाठी काय सोडलं, कोणी कोणाला फसवलं आणि ते उघडं पडल्यावर काय झालं, हे घडलेलं असलं तर शेवटच्या प्रकरणात कोणाला काही बोलावं लागणार नाही.

तिसरी तक्रार, काळोखाची. २०११ साली 'मादोका मॅजिका' आली. बारा भाग, गोंडस चित्रं आणि आत एक भयानक करार. तेव्हापासून अनेकांना वाटतं की या प्रकारात काही गंभीर लिहायचं तर मुलींना छळलंच पाहिजे. त्या आधी सगळं साखरेत घोळलेलं होतं, हा समज चुकीचा आहे. लहान मुलींसाठी केलेल्या मिंकी मोमोमध्ये जादू गमावलेली नायिका ट्रकखाली येऊन मरते. सेलर मूनच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी नायिकेच्या सगळ्या साथीदार एकेक करून मरतात, आणि सगळ्या परत येतात त्या एकमेकींना विसरून. मृत्यू या घरात पहिल्यापासून राहतो.

मादोकाचं यश मृत्यूंच्या संख्येत शोधू नका. ते तिच्या नियमांत आहे. एक इच्छा पूर्ण होईल, बदल्यात लढावं लागेल. हा करार साधा वाटतो, आणि पुढे जे काही वाईट घडतं ते त्या करारातूनच निघतं. बाहेरून कोणी आपत्ती आणून टाकत नाही. करार करवून घेणारा बोलका प्राणी क्युबे धडधडीत खोटं बोलत नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच. (मालिका बघितली नसेल तर याहून जास्त सांगत नाही.) तुमच्या मित्रमंडळींना जे 'गोड' वाटलं, ते मला 'फुकट' वाटलं. रेवाला सगळं फुकट मिळतं. जादू फुकट, विजय फुकट, आईचा विश्वासही फुकट. तिला मारू नका, तिच्याकडून वसूल करा. तक्रारीची ही अर्धी बाजू ऐका आणि रक्ताची बाजू सोडून द्या. तुमच्या लिखाणात एक निखळ, हसरा सूर आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तनू काजळ्याशी वाटाघाट करते तो प्रसंग मी दोनदा वाचला. काळोखाच्या नादात सगळ्यात आधी विनोदाचा बळी जातो, आणि उसागी रोज उशिरा उठणारी रडूबाई नसती तर तिच्या शौर्याला कोणी विचारलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

मुंगसाबद्दल थोडक्यात. पडद्यावर बोलका प्राणी दोन कामं करतो: नियम समजावतो आणि दुकानात विकला जातो. कादंबरीत नियम समजावायला निवेदन आहे, तेव्हा मुंगसाला स्वतःचा काही हेतू हवा. मादोकानंतर वाचक पहिल्या पानापासून अशा प्राण्यावर संशय घेतो, म्हणून तो शेवटी दगाबाज निघाला तर कोणी दचकणार नाही. त्या संशयाचाच उपयोग करा. मुंगूस खरं बोलत असूनही मुली त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि त्यामुळे काही बिघडतं, असं घडलं तर मला ते जास्त आवडेल. निदान एक प्रसंग असा लिहा की जिथे रेवाला हवं ते मुंगसाला नको आहे आणि दोघांचंही बरोबर आहे.

मंत्र आणि हल्ल्यांची नावं मोठ्याने ओरडणं हे कागदावर जवळजवळ नेहमीच पडतं. एकदा ठेवा, आणि ओरडताना रेवाला स्वतःलाच कानकोंडं होऊ द्या. तनूने नंतर आठवडाभर तिला त्यावरून चिडवलं तर आणखी उत्तम.

गुपिताचा मुद्दा मात्र अधिक गंभीर आहे. चेहरा तोच, केस तेच, तरी आई-वडील ओळखत नाहीत, हे पडद्यावर सगळे चालवून घेतात. वाचक चालवून घेत नाही. तो पाचव्या पानावर विचारतो. एक तर जादूत त्याचं कारण ठेवा, नाही तर ओळखू द्या. आणि गुपित फुटलं तर काय होईल हे ठोस असू द्या. १९९९ सालच्या 'ओजामाजो दोरेमी'त माणसाने ओळखलं की चेटकिणीचा बेडकासारखा प्राणी होतो, आणि गोष्ट सुरूच होते ती नायिकेने एकीला ओळखल्यामुळे. एका नियमातून भीती, विनोद आणि कथानक तिन्ही निघालं. तुमच्याकडे 'कोणाला सांगू नका' एवढंच आहे, आणि सांगितलं तर काय हे मुंगसालाही माहीत नाही.

रचनेबद्दल आता. तुमचा मसुदा १,४०,००० शब्दांचा आहे आणि त्यात नऊ लढाया आहेत. सेलर मूनचं पहिलं पर्व ४६ भागांचं होतं. वर्षभर दर आठवड्याला एक राक्षस आणणं ही तिची गरज होती. तुमच्या नऊ लढायांपैकी पाच लढायांनंतर सगळं पूर्वीसारखंच होतं. ज्या लढाईनंतर मुलींमधलं एखादं नातं किंवा वाचकाला माहीत असलेला एखादा नियम बदलत नाही, ती लढाई एका परिच्छेदात उरका. इंग्रजीत या वयोगटाच्या फँटसीचं पहिलं पुस्तक साधारण ७०,००० ते १,००,००० शब्दांत बसवतात. तुमचं एक लाखाच्या आत सहज येईल. तीन भागांची मालिका करायचा बेत ठेवा, पण पहिल्या पुस्तकातला मुख्य प्रश्न त्याच पुस्तकात सुटू द्या. काजळे संपले नाहीत तरी चालेल, रेवा आणि तनूचं काय झालं हे मात्र कळलंच पाहिजे.

काजळ्यांमध्ये एक न उचललेली चांगली गोष्ट आहे. ते माणसांचे आवाज गिळतात. लढाई संपली की आवाज परत येतो आणि तो माणूस गोष्टीतून निघून जातो. त्यातल्या एकाला परत आणा. चार महिने आवाज नसलेली ती भाजीवाली बाई आवाज परत मिळाल्यावर काय बोलते? तिला तो परत हवा होता का? मला वाटतं तुमच्या खलनायकाचं कारण तिच्यापाशी सापडेल. सध्याचं 'त्याला जगावर राज्य करायचं आहे' हे कारण तुम्हालाही पटलेलं दिसत नाही, कारण ते तुम्ही फक्त एकदा आणि घाईत लिहिलं आहे.

नकलेची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंत. रूपांतर, चमू, बोलका प्राणी, गुप्त ओळख ही कोणा एकाची मालमत्ता नाही. या सगळ्या मालिका एकमेकींकडून घेतच वाढल्या. एखाद्या विशिष्ट पात्राचा पोशाख, नाव, वाक्यं, प्रसंगांचा क्रम उचलू नका, एवढं पुरे. त्या दृष्टीने तुमच्या बाराव्या प्रकरणातला चंद्रावरच्या पूर्वजन्माचा भाग मला खटकला. ज्याने सेलर मून पाहिली आहे तो लगेच बोट ठेवेल. तो काढला तर पुस्तकाचं काही अडत नाही, कारण रेवाला ताकद पूर्वजन्मातून मिळाली असेल तर तिने मूठ उघडण्याला अर्थच उरत नाही. मुलींच्या संवादांत पेरलेले जपानी उद्गारही जाऊ द्या. त्या बंदरावर ते कोणाकडून शिकल्या?

सुरुवात कुठून करायची, तर हजार वर्षांपूर्वीच्या युद्धाची प्रस्तावना आधी बाजूला काढा. तिच्यातल्या दोनच गोष्टी पुढे लागतात: घंट्या किती होत्या आणि त्यातली एक कोणी फोडली. दोन्ही मुंगसाकडून, तेही त्याला सांगायचं नसताना, तिसऱ्या प्रकरणात काढून घेता येतील. मग सातवं प्रकरण नव्याने लिहा, कारण रूपांतराची किंमत रेवाला तिथे पहिल्यांदा कळायला हवी. ते जमलं की आधीच्या सहा प्रकरणांत काय पेरायचं राहिलं आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. सातवं झालं की तेवढंच पाठवा, पूर्ण मसुदा इतक्यात नको.